यंत्रांच्या गावा : नळी किती लांब असावी?

दिवाळीत मुलाला टिकल्यांचे पिस्तूल घ्यायला बाजारात नेऊन पाहा. दुकानदार दहा पिस्तुले मांडील आणि चिरंजीव त्यांतले नेमके सर्वांत लांब नळीचे उचलतील. टिकली फुटायला नळीची काडीइतकीही गरज नसते; ती मागे घोड्याखालीच फुटते. पण लांब नळी म्हणजे जबर पिस्तूल, ही समजूत त्या वयातही पक्की असते. गंमत अशी की, खऱ्या पिस्तुलाच्या बाबतीत मोठ्या माणसांची समजूतही फारशी निराळी नसते. नळी जितकी लांब तितका नेम अचूक, असे शंभरातले नव्वद लोक छातीठोकपणे सांगतील. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे आहे असे नाही. मात्र त्यामागचे जे कारण ते देतात ते बहुधा चुकीचे असते. आणि कारण चुकले की निवडही चुकते.

हा विषय आता आपल्या मध्यमवर्गीय घरांपासून फार दूर राहिलेला नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवान येथील विश्वचषक स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पुन्हा सुवर्ण जिंकले. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये रायफलचे कांस्यपदक आणले. तेव्हापासून "आमच्या मुलीला नेमबाजी शिकायची आहे" हे वाक्य चाळीतून नि सोसायटीतून सहज ऐकू येऊ लागले आहे. त्यापाठोपाठ येतो तो खरेदीचा प्रश्न. कोणी लांब नळी सुचवतो, तर कोणी हल्लीचा तो लाल ठिपका दाखवणारा नेम बसवायला सांगतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध आहे, तो आज जरा निवांतपणे पाहू.

साधा पिस्तुली नेम दोन वस्तूंनी साधतो. नळीच्या टोकाला एक उंचवटा असतो, त्याला आपल्याकडे पूर्वीपासून माशी म्हणतात. मागे, मुठीच्या वर, एक चौकोनी खाच असते. खाचेच्या बरोबर मध्ये माशी आणायची, दोहोंच्या माथ्यांची उंची एक करायची आणि ती जोडी निशाणावर धरायची. सुईत दोरा ओवण्यासारखेच हे काम, फक्त सुई हातभर लांब धरलेली आणि हात थरथरणारा.

आता समजा, माशी खाचेच्या मध्यापासून एक केसभर बाजूला सरकली. ही चूक पिस्तुलापाशी केसभरच दिसते, पण गोळी पुढे जाईल तसतशी ती वाढत जाते. किती वाढते, हे माशी आणि खाच यांच्यामधल्या अंतरावर अवलंबून आहे. अंतर कमी असेल तर तीच केसभर चूक मोठा कोन करते आणि अंतर जास्त असेल तर लहान. लांब नळीचे खरे पुण्य येथे आहे. नळी लांब असली की माशी पुढे जाते, माशी पुढे गेली की चुकीचा कोन बारीक होतो. गोळीला नळीने काही विशेष शहाणपण शिकवले, असे मुळीच नाही.

यासाठी एक खरे उदाहरण घेऊ. अमेरिकेत ओहायो राज्यातील कॅम्प पेरी या मैदानावर १९०७ सालापासून राष्ट्रीय नेमबाजीचे सामने भरत आले आहेत. तिथल्या पारंपरिक पिस्तूल स्पर्धेत उभे राहून, एका हाताने, ५० आणि २५ यार्डांवर गोळ्या मारायच्या असतात. पूर्ण सामना २७० गोळ्यांचा आणि २७०० गुणांचा. त्यातल्या पॉइंट बावीस पिस्तुलाच्या भागासाठी स्मिथ अँड वेसन कंपनीचे मॉडेल ४१ हे पिस्तूल फार नावाजलेले. ते १९५७ साली विक्रीस आले. त्याला साडेपाच इंची नळी मिळते आणि सात इंचीही मिळते. म्हणजे आपला प्रश्न तिथे अगदी काउंटरवरच उभा असतो : साडेपाच की सात?

जुन्या माशी-खाचेच्या हिशेबाने उत्तर काढू. सोयीसाठी असे धरा की, आखूड पिस्तुलात माशी आणि खाच यांत २०० मिलिमीटर अंतर आहे आणि लांब पिस्तुलात २४०. नेमबाजाची चूक दोन्हींत सारखीच, ०.२ मिलिमीटर. लग्नपत्रिकेच्या जाडीहूनही ही कमी आहे. ५० यार्ड म्हणजे सुमारे ४५.७ मीटर. त्रैराशिक मांडले की, आखूड पिस्तुलाची गोळी केंद्रापासून सुमारे ४६ मिलिमीटर दूर पडते आणि लांब पिस्तुलाची ३८. त्या स्पर्धेतले दहा गुणांचे वर्तुळ सुमारे ८५ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे केंद्रापासून काठापर्यंत साडेबेचाळीस. तेव्हा एकाच हाताची, एकाच डोळ्याची, एवढीशी चूक. पण एका पिस्तुलाने दहा गुण पदरात पडतात आणि दुसऱ्याने नऊ. दीड इंच नळीसाठी माणसे ज्यादा पैसे का मोजत, ते यावरून ध्यानात येईल.

आता रंगमंचावर लाल ठिपका येतो. त्याचे मूळ आपण समजतो त्याहून पुष्कळ जुने आहे. डब्लिनचे दुर्बीणकार सर हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली या कल्पनेचे पेटंट घेतले. पुणेकरांना हे नाव अगदीच परके वाटू नये. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली, तिच्यातली मोठी परावर्ती दुर्बीण याच ग्रब यांच्या कारखान्यातली. १९१२ साली नायगामवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिथली उपकरणे कोडाईकनालला गेली. तारे न्याहाळण्याची विद्या जाणणाऱ्या माणसाला नेम धरण्याची नवी रीत सुचावी, यात आश्चर्य नाही. दोन्हींत काम एकच, दूरवरचा प्रकाश डोळ्यापर्यंत नीट पोचवण्याचे.

ग्रब यांची युक्ती अशी. एका किंचित वक्र काचेच्या केंद्रस्थानी प्रकाशाचा बारीकसा बिंदू ठेवायचा. त्याचे किरण काचेवर आपटून डोळ्याकडे परततात ते समांतर होऊन. समांतर किरण म्हणजे फार दूरवरून आलेले किरण. त्यामुळे डोळ्याला तो ठिपका काचेवर चिकटलेला न दिसता लांब निशाणापाशी तरंगताना दिसतो. आरशात पाहताना पाठीमागचे झाड आरशाच्या काचेवर दिसत नाही, आत दूर दिसते, तसेच हे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून विमानांच्या बंदुकांना असे नेम बसू लागले. पुढे स्वीडनमध्ये १९७५ साली एमपॉइंट कंपनीने बॅटरीवर चालणारा, लाल प्रकाशाच्या दिव्याचा नेम बाजारात आणला आणि तो हळूहळू सामान्य नेमबाजांच्या हाती आला.

या ठिपक्याने केले काय, तर माशी आणि खाच यांची जोडीच मोडली. आता दोन वस्तू एका रेषेत आणायच्याच नाहीत. ठिपका निशाणावर असला की झाले. काचेच्या चौकटीत तो जरा डावीकडे दिसला काय किंवा उजवीकडे दिसला काय, त्याने फारसा फरक पडत नाही. चांगल्या बनावटीच्या नेमात डोळा इकडेतिकडे झाला तरी ठिपका निशाणावरून फार थोडा हलतो. साहजिकच माशी-खाचेच्या अंतराचा तो सारा हिशेब, ते ४६ आणि ३८ मिलिमीटर, वहीतून पुसून टाकावे लागते. दीड इंच नळीचे जे मुख्य पुण्य होते, ते एका झटक्यात संपले.

मग लांब नळीपाशी उरते काय? एकेक पाहू.

पहिली गोष्ट वेगाची. पॉइंट बावीसच्या काडतुसात दारू थोडीशीच असते आणि तिचा बराचसा जोर पहिल्या काही इंचांतच खर्च होतो. जादा दीड इंचाने वेग थोडा वाढतो, हे खरे. पण कागदाच्या निशाणाला भोक पाडायला दोन्ही वेग पुरून उरतात. गोळी किंचित खाली पडत असेल, तर नेमाचा स्क्रू फिरवून ते एकदाच जुळवून घेता येते.

दुसरी गोष्ट गोळीच्या फिरकीची. नळीच्या आत आटे असतात, त्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ राहते. पॉइंट बावीसच्या नळीत साधारणपणे १६ इंचांत एक पूर्ण फेरा, असे आटे असतात. म्हणजे साडेपाच इंची नळीत गोळी जेमतेम एकतृतीयांश फेरा घेते. "एवढ्याने काय होणार?" असे वाटेल. पण फिरकीची गती आट्यांच्या चढणीवर आणि गोळीच्या वेगावर ठरते, नळीच्या लांबीवर नव्हे. सेकंदाला २७० मीटर वेगाने बाहेर पडणारी गोळी सेकंदाला साडेसहाशेहून अधिक फेरे घेत असते, नळी साडेपाच इंची असो वा सात इंची. पिस्तूल शिकंज्यात घट्ट आवळून गोळ्या मारल्या तर चांगल्या बनावटीची आखूड नळीही लांब नळीइतकाच नेटका पुंजका पाडते.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि येथे मात्र लांब नळीची बाजू अजून जिवंत आहे. पुढे वजन असले की पिस्तूल आळसट होते; हात जरासा हलला तरी टोक लगेच हलत नाही. पण हेच वजन एका हाताने, खांदा ताणून, त्या भागातल्या साऱ्या गोळ्या होईपर्यंत पेलायचे असते. त्यात ठिपक्याच्या नेमाचे आणि त्याच्या बैठकीचे वजन पडते. सुरुवातीच्या गोळ्यांना जो तोल राजेशाही वाटला, तो शेवटच्या गोळ्यांना मनगटात कळ आणू लागतो. म्हणून ठिपका बसवणारे पुष्कळ नेमबाज साडेपाच इंचांवर समाधान मानतात. दंडात जोर असेल त्याने सात इंची घ्यावी, हरकत नाही. पण ती आपल्या दंडासाठी घेतो आहोत, गोळीसाठी नव्हे, हे मनाशी पक्के असावे.

एक आक्षेप नेहमी ऐकू येतो : गोळी लांब नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात हात हलतो. हिशेब करून पाहा. जादा दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. २७० मीटरच्या वेगाने तेवढे ओलांडायला सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाच्या जेमतेम दीडपट वेळ लागतो. तेवढ्यात हात कितीसा हलणार! हा मुद्दा आपण खुशाल सोडून द्यावा.

धावपळीच्या नेमबाजीत मात्र हिशेब थोडा बदलतो. आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंगची संघटना १९७६ साली अमेरिकेत कोलंबिया या गावी स्थापन झाली. तिच्या सामन्यांत नेमबाज पळतो, वळतो आणि भराभर गोळ्या मारतो. १९९० साली ऑस्ट्रेलियात ॲडलेडला झालेल्या त्यांच्या जागतिक स्पर्धेत डग केनिग यांनी ठिपक्याच्या नेमानिशी विजय मिळवला, आणि मग इतरांना तिकडे वळणे भाग पडले. अशा पिस्तुलाची गोळी जोरकस. प्रत्येक गोळीला पिस्तूल उसळते, ठिपका चौकटीबाहेर उडतो आणि परत यावा लागतो. पुढे थोडे वजन असेल तर उसळी कमी आणि ठिपक्याचे माघारी येणे लवकर. शिवाय त्या सामन्यांत गोळीचे वजन आणि वेग यांचा गुणाकार ठरावीक आकड्याखाली गेलेला चालत नाही, तेव्हा लांब नळीचा थोडासा वेगही उपयोगी पडतो. म्हणून तिथे ठिपका असूनही पाच इंची नळीला मान आहे. पण पाहा, कारण पुन्हा वजनाचे नि वेगाचे. माशी पुढे नेण्याचे कारण तिथेही उरलेले नाही.

आता ठिपक्याच्या आकाराविषयी दोन शब्द. त्याचे माप कोनात सांगतात, आणि ते कोष्टक आपल्या पंचांगातले आहे : अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. ५० यार्डांवर एक कला सुमारे १३ मिलिमीटर झाकते. तीन कलांचा ठिपका ४० मिलिमीटर झाकील आणि सहा कलांचा ८० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सबंध दहाचे वर्तुळ. संथ, अचूक मारणाऱ्याने लहान ठिपका घ्यावा. झटपट मारणाऱ्याने मोठा. प्रकाशही बेताचाच ठेवावा. दिवा भडक केला की ठिपक्याला किरणे फुटतात आणि निशाण झाकोळते.

एवढे सगळे झाले, तरी या ठिपक्याची सर्वांत मोठी देणगी नळीच्या लांबीत नाही. ती वयात आहे. माशी-खाचेने नेम धरताना डोळ्यासमोर तीन पदार्थ तीन अंतरांवर असतात : खाच हाताच्या अंतरावर, माशी जरा पुढे आणि निशाण पार दूर. डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहू शकतो. विशीत तो माशीवर चटकन ठरतो. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होते. वर्तमानपत्र जसे लांब धरावे लागते, तशीच माशीही पुसट होते. कित्येक चांगले नेमबाज हात शाबूत, मन स्थिर असताना केवळ माशी दिसेना म्हणून पिस्तूल कपाटात ठेवतात. ठिपका निशाणाच्याच अंतरावर दिसत असल्यामुळे त्यांना तो मैदान परत मिळवून देतो. पन्नाशीतल्या माणसाला जी गोष्ट आपल्याला आता जमणार नाही असे वाटत होते, ती पुन्हा जमू लागते. या सुखाची किंमत दीड इंच पोलादात करता येणार नाही.

ठिपका वाकडा, धूमकेतूसारखा शेपटीचा किंवा चांदणीसारखा दिसला, तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. मोबाइलच्या कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र घ्यावे. चित्रात तो गोल आला तर दोष काचेचा नाही, आपल्या डोळ्याचा. चष्म्याच्या कागदावर 'सिलिंडर' या सदराखाली जो नंबर असतो, त्याची ती करामत. तेव्हा आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

आणि ठिपका हात स्थिर करतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. उलट तो हाताचा थरकाप उघडा पाडतो. थरकाप माशी-खाचेतही होताच, तिथे तो एवढा दिसत नव्हता. नवा नेमबाज तो नाचणारा ठिपका पाहून घाबरतो, तो केंद्रावर आला रे आला की चाप हिसकतो आणि गोळी भलतीकडे जाते. ठिपका नाचू द्यावा, चाप मात्र सावकाश दाबत राहावा, हाच त्यावरचा उपाय.

आता वळू त्या घराकडे, जिथल्या मुलीला नेमबाजी शिकायची आहे. तिला ऑलिंपिकच्या वाटेने जायचे असेल तर तिच्या पिस्तुलावर ठिपका नको, हे स्पष्ट सांगतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल स्पर्धांत फक्त उघडा नेम चालतो. दुर्बीण, आरसा, विजेचा ठिपका, सारे वर्ज्य. चष्म्याचे भिंग नेमबाजाने स्वतःच्या डोळ्यावर लावावे, पिस्तुलावर नाही. त्यामुळे लांबीचा जुना हिशेब तिथे पूर्णपणे जिवंत आहे, आणि म्हणूनच नियमांनी त्याला वेसण घातली आहे. २५ मीटरच्या पिस्तुलाची नळी १५३ मिलिमीटरहून लांब चालत नाही आणि माशी-खाचेचे अंतर २२० मिलिमीटरहून जास्त चालत नाही. हवेच्या पिस्तुलासाठी ४२० मिलिमीटर लांबीची पेटी असते. पिस्तूल तिच्यात मावले पाहिजे, आणि वजन दीड किलोच्या आत हवे. लांबीने फायदा होतच नसता, तर महासंघ पट्ट्या नि पेट्या घेऊन मोजायला बसलाच नसता!

पण लहान मुलीच्या बाबतीत या कमाल मर्यादा गाठण्याची घाई करू नये. बारा-तेरा वर्षांच्या मनगटाला जे पिस्तूल तासभर सुखाने पेलवते, ते तिचे खरे पिस्तूल. पुढचे टोक जड झाले की ती खांदा वर ओढते, कंबर मागे टाकते. आणि ही मोड एकदा अंगात मुरली की पुढे ती काढणे फार कठीण जाते. क्लबमधली चार पिस्तुले हाताळून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली महिना-दोन महिने सराव करून, मगच खरेदीला निघावे. परवाना, वय आणि शस्त्र ठेवण्याचे नियम यांची चौकशी पैसे मोजण्याआधी करावी.

तेव्हा वाचकहो, लांब की आखूड, याचे एकच उत्तर सर्वांना नाही. उघडा नेम असेल तर नियम आणि मनगट झेपतील तितकी लांबी पत्करावी. ठिपका असेल तर लांबीचा मोह सोडून तोल पाहावा, आणि वाचलेले पैसे काडतुसांत घालावेत. सरावाइतकी नेम सुधारणारी दुसरी वस्तू कोणत्याही दुकानात मिळत नाही. आणि पन्नाशी गाठलेल्या ज्या गृहस्थांनी डोळ्यांपायी नेमबाजी सोडली असेल, त्यांनी एकदा क्लबात जाऊन कोणाच्या तरी पिस्तुलावरचा लाल ठिपका पाहून यावा. कपाटाची किल्ली कुठे ठेवली आहे, हे त्यांना बहुधा त्याच संध्याकाळी आठवेल.